पंधरा शनिवारांचं पिस्तूल

व्हर्लिन क्रॅबट्री कुणालाही तासाभरात पिस्तूल निवडून देतो, अशी त्याची ख्याती होती. आणि खरं सांगायचं तर ती ख्याती पसरवण्यात निम्मा हात त्याचाच होता.

डॉना प्रुइटच्या दुकानात पुढे खिळे, रंग, कुंपणाच्या तारा आणि कोंबड्यांचं खाद्य, आणि पार मागे भिंतीला लागून बंदुकांचं काउंटर. त्या काउंटरमागे व्हर्लिन एकोणीस वर्षं उभा होता. त्याआधी तो गावातल्या बुटांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, माणसं चारी दिशांना पांगली, आणि व्हर्लिन बावन्नाव्या वर्षी नव्या धंद्याला लागला. पण बुटांची विद्या त्यानं सोडली नाही. "बूट आणि पिस्तूल, दोन्ही मापाचं पाहिजे," तो म्हणायचा. "चावायला लागलं की माणूस ते कपाटात टाकतो आणि अनवाणी फिरतो."

त्याची रीत ठरलेली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा हात मागायचा, चक्क हात, आणि तळवा उलटासुलटा करून बघायचा. मग बजेट विचारायचा. पाचशे डॉलर म्हणालं की लगेच बोट वर करून सांगायचा, "म्हणजे पिस्तुलाला चारशे. उरलेल्या शंभराच्या गोळ्या घे आणि झाडून संपव. न झाडलेलं महाग पिस्तूल म्हणजे पेपरवेट." पहिलंच पिस्तूल घेणाऱ्याला तो खिशात मावणारं छोटं कधी द्यायचा नाही. छोटं पिस्तूल हातात उसळतं, नवखा माणूस बिचकतो. पहिलं घ्यायचं ते पूर्ण मापाचं, मूठभर वजनाचं. मग तीनचार पिस्तुलं काढायची, प्रत्येकाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून, नळी रिकामी आहे हे आधी स्वतः बघायचं, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि मगच हातात द्यायचं. शेवटची परीक्षा अशी: डोळे मिट, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याकडे पिस्तूल उचल, आता डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, मागच्या खाचेत आपसूक बसलेली दिसली, तर ते पिस्तूल तुझं. नसेल बसली, तर दुसरं घे.

अशा रीतीनं त्यानं अर्ध्या काउंटीला, म्हणजे अर्ध्या जिल्ह्याला, पिस्तुलं बसवली होती. नर्सबाईंना, ट्रकवाल्यांना, नव्या पाद्रीबाबालासुद्धा. तास झाला की काम फत्ते. आणि मग जुलैच्या एका शनिवारी हॉलिस मॉपिन आला.

हॉलिस चौऱ्याहत्तरचा. उंच, वाकलेला, हात फावड्याएवढे. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत होता. व्हर्लिन आणि तो एकाच शाळेतले, दोनतीन वर्गांचं अंतर. पुढे आयुष्यभर एकमेकांना ट्रकच्या काचेतून एक बोट उचलून रामराम करत आलेले. एप्रिलमध्ये हॉलिसची बायको अर्मा गेली. मुलगा एकच, तो ओरेगॉनमध्ये. मातीला आला आणि चौथ्या दिवशी विमानानं परत गेला. तेव्हापासून हॉलिस चर्चलाही दिसत नव्हता.

"पिस्तूल बघायचं होतं," हॉलिस म्हणाला. टोपी हातात. "कोल्हे येतात खुराड्याशी."

"कोल्ह्याला तुझी बंदूक काय वाईट आहे?"

"एका हातात कंदील असतो ना. दुसऱ्या हातात मावेल असं पाहिजे."

व्हर्लिनला ते पटलं. त्यानं हात मागितला, बजेट विचारलं. पाचशे. त्यानं चार पिस्तुलं काचेवर मांडली. हॉलिसनं चारही हाताळली, मान हलवली, तासभर चौकशा केल्या, आणि म्हणाला, "विचार करतो. पुढच्या शनिवारी येतो." जाताना डॉनाच्या हातात टोमॅटोची पिशवी ठेवून गेला.

पुढच्या शनिवारी आला. त्याच्या पुढच्याही. कधी ऑस्ट्रियाच्या पिस्तुलाची मूठ चौकोनी वाटली. कधी झेक पिस्तूल आवडलं, पण स्लाइड ओढायला जड. एक तुर्की होतं, स्वस्त आणि देखणं. त्याला त्याचा चाप किरकिरा लागला. एकदा म्हणाला, माशी दिसत नाही. व्हर्लिननं मोठी पांढरी माशी असलेलं मागवलं, तर म्हणाला, आता फारच दिसते.

मधल्या मध्ये बोलणं कुठल्या कुठे जायचं. अर्मा बिस्किटांच्या पिठात ताक घालायची की दूध. एकोणऐंशी साली बर्फात बस अडकली तेव्हा एकवीस पोरांना त्यानं गाणी म्हणायला लावून कसं जागं ठेवलं. व्हर्लिनच्या बापाच्या म्हाताऱ्या खेचरानं पाद्र्याची टोपी कशी खाल्ली. व्हर्लिन हसून हसून डोळे पुसायचा. मग घड्याळाकडे बघायचा आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. अजून एक तास गेला, आणि पिस्तूल काचेवरच!

त्या काउंटरशी एक लॉइड स्पर्लॉक नावाचा इसम असायचा. घरी बायको बोलू देत नाही म्हणून इथं येऊन बोलणारा. तो मात्र दर खेपेला पौंडभर खिळे तरी विकत घेई, त्यामुळे त्याचं बसणं कुणाला खुपत नसे. सप्टेंबरात एकदा त्यानं तोंड उघडलंच.

"हॉलिस, लेका, लग्न ठरवायला तरी इतके दिवस लावले होतेस का?"

"लग्न एका दुपारी ठरलं," हॉलिस शांतपणे म्हणाला. "ठरवलं तिनंच. मला नंतर कळवलं."

सगळे हसले. हॉलिसही हसला. पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर उठला, आणि निघताना गरज नसताना एक तेलाची बाटली विकत घेऊन गेला.

आता इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ह्या डोंगरातल्या पुरुषांची एक खोड आहे, चांगली म्हणा, वाईट म्हणा. मी तर वाईटच म्हणेन. हे लोक कामाशिवाय एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. एकाला दुसऱ्याची आठवण आली, तर तो करवत मागायला जातो. झाड कापायचं नसलं तरी जातो. मग करवत परत करायला पुन्हा जातो, आणि त्या दोन खेपांत जे काय बोलायचं ते बोलून घेतो. नुसतं "बसायला आलो" असं कुणी म्हणालं, तर समोरचा घाबरून विचारेल, कोण गेलं? आणि मॉपिनांचं घराणं तर त्यातही अर्क. हॉलिसचा बाप म्हणायचा, ज्याला काही घ्यायचं नाही त्यानं दुकानातल्या स्टुलावर बसू नये. अर्मा गेल्यावर पहिल्या महिन्यात हॉलिसनं गावभर फिरून आणलेली सगळी अवजारं परत केली होती. शिडी, पहार, दोन करवती. सगळ्यांकडे एकेकदा बसून झालं. मग मागायला काही उरलं नाही, आणि परत करायलाही काही उरलं नाही. उरलं ते पिस्तूल.

हे डॉनाला कळलं होतं. डॉना पन्नाशीची, जिभेला धार, पण माणूस वाचता येणारी. एका शनिवारी हॉलिसचा ट्रक बाहेर पडल्यावर ती मागे आली.

"व्हर्लिन, तुम्हाला दिसत नाही का? तो ताकाला येतोय आणि भांडं लपवतोय."

"कसलं ताक?"

"त्याला पिस्तूल नकोय हो. त्याला शनिवार हवाय."

"मग सांगावं ना तसं! मी काय गडी आहे का त्याचा, दर आठवड्याला दुकान मांडायला? एकोणीस वर्षांत माझं एक गिऱ्हाईक असं लटकलेलं नाही."

"लटकू द्या. माझ्या काचा झिजत नाहीत."

व्हर्लिननं काचेवरची पिस्तुलं आत ठेवली. कळलं त्याला. अगदीच दगड नव्हता तो. पण लॉइडनं त्या आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात सांगितलं होतं की, क्रॅबट्रीच्या तासाचे आता तीन महिने झालेत. आणि ते व्हर्लिनच्या कानावर आलं होतं. माणसाची ख्याती एवढीएवढीशी असली की तो तिला फार जपतो.

त्यानं चंगच बांधला. मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला फोन करून गेल्या वर्षीच्या नमुन्याचं एक पिस्तूल मागवलं: पूर्ण मापाचं, नऊ मिलिमीटरचं, तीनशे एकोणनव्वद डॉलर. मुठीच्या मागची पट्टी बदलता येत होती, त्यानं सगळ्यात मोठी बसवली, हॉलिसच्या फावड्याला साजेशी. स्लाइड हलकी चालावी म्हणून तीन दुपारी घासूनपुसून तेल देत बसला. वर कंपनीची योजना होती: पावती पाठवली की आणखी दोन मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या, टपालानं फुकट. जड नाही, किरकिर नाही, माशी ना लहान ना मोठी. हॉलिसनं आजवर काढलेली एकेक खोट त्यानं त्या एका पिस्तुलात बुजवली होती. इतक्या प्रेमानं त्यानं कुणासाठी काही केलं नव्हतं. ह्यालाच मी करंटेपणा म्हणते.

ऑक्टोबरातला तिसरा शनिवार. हॉलिस आला, डॉनाला पिशवीभर पर्सिमनची फळं दिली, स्टुलावर बसला, आणि व्हर्लिननं काउंटरखालून पिस्तूल काढलं. स्लाइड मागे, नळी रिकामी, स्वतः बघितली, दाखवली, हातात दिली.

"घे. आता काढ खोट."

लॉइड खुर्ची ओढून पुढे आला. हॉलिसनं मूठ आवळली. स्लाइड ओढून बघितली, दोन बोटांनी ओढली गेली. चाप दाबला, खट् असा स्वच्छ आवाज आला. त्यानं किंमत विचारली. व्हर्लिननं सांगितली.

"मिट डोळे," व्हर्लिन म्हणाला.

हॉलिसनं डोळे मिटले, हात उचलला. डोळे उघडले तेव्हा माशी खाचेत अशी बसली होती की जणू तिथंच जन्मली. हे त्याला दिसलं, आणि त्याला दिसलं हे व्हर्लिनला दिसलं. हॉलिस हात तसाच बराच वेळ धरून राहिला. मग पिस्तूल हळूच काचेवर ठेवलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. डॉक्टरनं कागद पुढे केल्यावर माणूस म्हणतो ना, तसं.

"कुठं घोडं अडतंय का?"

"नाही. कुठंच नाही, व्हर्लिन. तू अगदी नेमकं शोधलंस."

"हरला रे हॉलिस!" लॉइडनं मांडीवर थाप मारली. व्हर्लिनची छाती फुगली. सरकारी अर्ज भरून झाला, गुन्ह्याची नोंद नाही ना, ह्या चौकशीचा फोन झाला, पाच मिनिटांत होकार आला. फुकटच्या मॅगझिनच्या अर्जावर पत्ता कुठला टाकायचा असा प्रश्न आला, कारण हॉलिसची टपालपेटी उन्हाळ्यात लाकडं वाहणाऱ्या ट्रकनं उडवली होती आणि त्याचं टपाल तेव्हापासून पोस्टातच पडून असायचं, कधी दहा दिवसांनी तो आणायचा. व्हर्लिननं दुकानाचा पत्ता टाकला. "आली की मीच घेऊन येतो," तो म्हणाला. "आणि ऐक, एखाद्या रविवारी येईन. तुझ्या तळ्याच्या बांधावर दोघं मिळून पहिल्या गोळ्या झाडू. मी असल्याशिवाय झाडू नकोस, पहिल्यांदाच चुकीची सवय लागली तर जन्मभर जात नाही."

"ये की," हॉलिस म्हणाला. "मी असतोच."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"खूश गिऱ्हाईक परत येत नसतं," व्हर्लिननं लॉइडला ऐकवलं. पण दहा वाजले की त्याची नजर दाराकडे जायची. खेचराची गोष्ट लॉइडला सांगून बघितली, तर लॉइड मधेच आपल्या गुडघ्याचं सांगायला लागला. रविवारी चर्चनंतर व्हर्लिनच्या मनात यायचं, जावं का आज? पण बायकोची बहीण जेवायला यायची, किंवा पाऊस असायचा. आणि खरं कारण वेगळंच होतं. गोळ्या झाडायला जायचं, तर मॅगझिन घेऊन जाऊ. काहीतरी हातात असलं म्हणजे बरं. सहासात आठवडे लागतील असं अर्जावर लिहिलं होतं, लवकरही येतील.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला. आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्या दिवशी चिटपाखरू नाही. काउंटीतले झाडून सगळे पुरुष नारिंगी जाकीट घालून रानात. लॉइडसुद्धा. व्हर्लिन काच पुसून पुसून कंटाळला.

"मी म्हणते, हॉलिसकडे जाऊन या," डॉना म्हणाली. "मी बघते काउंटर."

"मॅगझिन आली नाहीत अजून."

"मॅगझिन गेली खड्ड्यात. तीन आठवडे झाले त्याला बघून."

व्हर्लिननं खिळ्यावरून ट्रकच्या किल्ल्या काढल्या. दारापर्यंत गेला. हॉलिसचं घर बारा मैल, शेवटचे दोन कच्च्या रस्त्याचे. ट्रक अंगणात शिरेल, हॉलिस बाहेर येईल, टोपी सरळ करेल, आणि विचारेल, काय रे, काय काढलंस? आणि मग? मोकळ्या हातानं उभं राहून काय सांगायचं? सहज आलो? एकाहत्तर वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. त्यानं किल्ल्या परत खिळ्याला लावल्या.

"फोन करतो," तो म्हणाला.

डॉनानं कपाळाला हात लावला.

त्यानं दुकानातल्या फोनवरून नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. दहा वेळा वाजली. त्यानं फोन ठेवला. "खुराड्यात असेल. नाहीतर रानात गेला असेल, हंगाम आहे," असं म्हणाला, आणि पुन्हा काच पुसायला लागला.

मंगळवारी टपालवाल्यानं एक फुगलेलं पाकीट आणून टाकलं. आत दोन मॅगझिन. सहा आठवडे लागायचे तिथं तीनच लागले होते. व्हर्लिनला इतका आनंद झाला की त्यानं काउंटरला कुलूप घालायचं डॉनाला सांगितलं, फळीवरून गोळ्यांचे दोन डबे स्वतःच्या पैशानं घेतले, आणि निघाला. वाटेत तो शीळ घालत होता. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

हॉलिसचा ट्रक अंगणात होता. व्हर्लिननं पुढचं दार ठोठावलं, हाक मारली. मग घराला वळसा घालून मागे गेला. कोंबड्या खुराड्यातच कोंडलेल्या, ओरडून ओरडून घसा बसलेल्या. तळ्याच्या बांधाकडे तोंड करून गवतात दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, शेजारी शेजारी. पलीकडे पेंढ्याच्या गठ्ठ्यावर कागदी ताटली ठोकलेली, मधोमध पेनानं काळा ठिपका. ताटली पावसानं भिजून वाळून पुन्हा भिजलेली होती. एका दिवसाची नव्हती ती. खुर्च्यांच्या बैठकीत पानं साचली होती.

व्हर्लिन धावतच मागच्या दाराशी गेला. दाराला कुलूप नव्हतं, तिकडे कुणी लावतच नाही.

हॉलिस स्वयंपाकघरात जमिनीवर होता. एक पाय विचित्र वळलेला. शेगडीच्या दांडीवर टांगलेलं फडकं आणि दारातलं पायपुसणं त्यानं ओढून अंगावर घेतलं होतं. टेबलावर पिस्तुलाचा खोका होता, झाकणावरची चिकटपट्टी न फाडलेली, आणि त्याच्यावर गोळ्यांचा डबा, तोही तसाच. फोन भिंतीवर होता, उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला.

व्हर्लिन त्याच्याजवळ खाली बसला. हॉलिसचा मोठा हात आपल्या हातात घेऊन बसला, गिऱ्हाइकाचा घ्यायचा तसा. शेरीफला फोन करायला तो उशिरानं उठला, आणि शेरीफचा माणूस येईपर्यंत पुन्हा तसाच जाऊन बसला.

काउंटीचा मृत्यू तपासणारा अधिकारी म्हणजे गावात अंत्यविधीचं दुकान चालवणारा गृहस्थच. सभ्य माणूस, हळू बोलणारा. हॉलिसला अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घालायची सवय होती. टोपलीतली शेवटची अंडी शुक्रवारची होती. "पाय घसरला असावा, खुबा मोडला," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळी. पण त्यानं नाही गेला. थंडीनं आणि तहानेनं गेला. शनिवारी तर नक्की जिवंत होता. रविवारीही असेल. शुद्धीत होता बहुतेक, पायपुसणं ओढलंय त्यानं."

"शनिवारी," व्हर्लिन म्हणाला.

"शनिवारी नक्की."

मातीला ओरेगॉनहून मुलगा आला. चर्चमधल्या बायकांनी ओव्हनमध्ये भाजलेलं शेंगांचं कॅसरोल आणि हॅम आणलं. जो तो व्हर्लिनचा खांदा थोपटत होता. मुलगा म्हणाला, "बाबा दर रविवारी फोनवर तुमच्याच गोष्टी सांगायचे. या आठवड्यात व्हर्लिननं काय काढून दाखवलं, काय म्हणाला. मला पिस्तुलातलं काही कळत नाही, पण आई गेल्यावर त्यांच्या आवाजात जीव आला होता. उपकार झाले तुमचे." त्या रविवारी बापानं फोन उचलला नाही तेव्हा त्याला वाटलं होतं, व्हर्लिन शेवटी आलेला दिसतोय, दोघं बाहेर बांधावर असतील. व्हर्लिननं त्याचा हात हातात घेतला आणि सोडून दिला. लॉइडसुद्धा, ज्याच्या तोंडाला कुलूप ठाऊक नाही, तो टोपी चुरगळत एवढंच म्हणाला, "तू होतास म्हणून बरं, व्हर्लिन. आम्ही कुणी काय केलं?"

डॉना जवळ आली. व्हर्लिनला वाटलं ही बोलणार, किल्ल्यांचं बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं त्याच्या कोटावरचा केस उचलला आणि म्हणाली, "सोमवारी नका येऊ. आराम करा."

घरी आल्यावर त्यानं बूट काढले आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. दिवस अजून मावळला नव्हता. नेडीन, त्याची बायको, साध्या स्वभावाची, शेहेचाळीस वर्षं त्याच्या गप्प राहण्याला सरावलेली. तिनं मक्याची भाकर आणि घेवडा पुढे ठेवला. त्यानं चमचा उचलला नाही.

"खा रे थोडं. तू काय कमी केलंस का त्याच्यासाठी?"

"मी शनिवारी फोन केला होता."

"ठाऊक आहे. डॉनानं सांगितलं मला. तुला कसं कळणार, बाबा? दहा वेळा वाजवलास, अजून काय करतं माणूस? वाटलं तुला बाहेर असेल."

"नाही वाटलं."

नेडीन हातातलं भांडं घेऊन उभी राहिली.

"तो चौऱ्याहत्तरचा, एकटा, ट्रक जुना, हिवाळा तोंडावर. बाहेर असेल असं मला वाटलंच नाही, नेडीन. मी काहीच विचार केला नाही. त्यानं उचलला असता तर मला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. मी एकेक घंटा मोजत होतो. सातवी, आठवी." त्यानं दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. "तो तिथं खाली पडून ऐकत होता. त्याला वाटलं असेल, आता कुणीतरी येणार. आणि मी इकडे देवाला सांगत होतो की त्यानं उचलू नये. नाही उचलला, तेव्हा मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं."